मस्टँगचा पिवळा दिवा पुन्हा पुन्हा लागतो: इनटेक, एक्झॉस्ट आणि नागपूरचं ऊन

"अबे, पुन्हा लागला ना तो दिवा!" कळमन्याहून दादाचा फोन. एप्रिलपासूनची ही चौथी वेळ. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, संत्र्याचा व्यापारी. गाडी २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी, ५ लिटरचं व्ही८ इंजिन, सेकंडहँड घेतलेली. मी हिंगणा रोडला गाड्यांचं वायरिंग आणि स्कॅनिंग करतो, त्यामुळे खानदानातल्या सगळ्या गाड्यांचे दिवे शेवटी माझ्याच दारात येतात.

हा दिवा, म्हणजे डॅशबोर्डवरचा पिवळा चेक इंजिन, मी स्कॅनरनं तीनदा पुसला आणि तीनदा फसलो. चौथ्यांदा मात्र बसून नीट शोधलं. अशा गाड्यांना मोठा इनटेक (हवा आत घेणारी नळी) आणि मोठा एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा पाइप) लावणारे हौशी नागपुरात बरेच आहेत आणि सगळ्यांचं रडगाणं जवळपास सारखंच आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

लक्षण असं. स्कॅनर लावला की दोन कोड दिसतात, पी०१७१ आणि पी०१७४. पहिला बँक १ चा, दुसरा बँक २ चा. व्ही८ मध्ये चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा असतात, एकेका रांगेला बँक म्हणतात. अर्थ एकच: मिश्रण लीन आहे, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. कोड पुसला की अडीचशे-तीनशे किलोमीटर गाडी शहाण्यासारखी चालते, मग दिवा परत. दुपारी एसी चालू ठेवून व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला उभं राहिलं की स्लोला (इंजिन नुसतं चालू असताना) आरपीएमचा काटा थोडा डुगडुगतो. पिकअपची तक्रार नाही. दादाला तर गाडी आधीपेक्षा जास्त पळते असंच वाटत होतं. आवाज मोठा झाला की गाडी पळाल्यासारखी वाटतेच.

फेब्रुवारीत दादानं दोन गोष्टी बसवून घेतल्या होत्या. एक, कंपनीचा एअर बॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढून त्या जागी मोठा पाइप आणि टोकाला उघडा शंकूसारखा फिल्टर. दुसरी, कॅट-बॅक एक्झॉस्ट, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (कॅटच्या) मागचा सगळा पाइप आणि सायलेन्सर. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "ट्यून वगैरे काही लागत नाही, लावा आणि पळवा." ट्यून म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे नव्या भागांप्रमाणे बदलणं.

दिवा लागल्यावर दादा आधी दुसऱ्या एका गॅरेजला गेला. त्यांनी एक ऑक्सिजन सेन्सर बदलला, तोही चुकीच्या बाजूचा. याचं कारण ध्यानात ठेवा. फोर्डच्या व्ही८ मध्ये बँक १ गाडीच्या उजव्या अंगाला असते. अमेरिकेतले व्हिडिओ तिला पॅसेंजर साइड म्हणतात, कारण तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. आपल्या गाडीत उजवीकडे ड्रायव्हर बसतो. व्हिडिओ पाहून पॅसेंजर साइडचा सेन्सर बदलला की तुम्ही बँक २ चा बदललेला असतो. त्यानंतर स्पार्क प्लग बदलले, इंजेक्टर साफ करायची बाटली टाकीत ओतली. दिव्याला कशाचाच फरक पडला नाही, कारण बिघाड त्या भागांत नव्हताच.

आधी काटा तपासा

दादाला मी त्याच्याच भाषेत समजावलं. इंजिनात हवा शिरते त्या वाटेवर मास एअर फ्लो सेन्सर असतो. तो म्हणजे वजनकाटा. आत किती ग्रॅम हवा गेली ते तो मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या आकड्यावरून पेट्रोल सोडतो. हा काटा ज्या नळीत बसतो तिच्या व्यासाशी बांधलेला असतो. सेन्सरला सगळी हवा दिसत नाही, त्याच्यासमोरून जाणारा एक छोटा प्रवाह दिसतो. त्यावरून तो पूर्ण नळीचा अंदाज बांधतो. नळी रुंद केली की तीच हवा जास्त जागेतून सावकाश जाते आणि सेन्सरला ती कमी वाटते. व्यास नुसता ३ टक्क्यांनी वाढला तरी क्षेत्रफळ ६ टक्क्यांनी वाढतं. १० टक्क्यांनी वाढला तर २१ टक्क्यांनी. कळमन्यात शंभर किलो संत्री ठेवली आणि काट्यानं चौऱ्याण्णव दाखवली, तर पैसे चौऱ्याण्णवचेच मिळतात. इथं पेट्रोल चौऱ्याण्णवचं मिळतं.

मग गाडी चालते कशी? पुढचे ऑक्सिजन सेन्सर धूर चाखून ईसीयूला सांगतात की बाबा, पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू वरून थोडं थोडं वाढवत जातो. या वाढीला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म हळूहळू शिकतो. दोन्हींची बेरीज साधारण अधिक-उणे पाच टक्क्यांत असेल तर गाडी सुखी. वीस-पंचवीसच्या आसपास जाऊन तिथंच ठाण मांडलं की ईसीयू हात वर करतो आणि दिवा लावतो. कोड पुसला की शिकलेलं सगळं पुसलं जातं, पुन्हा शिकायला वेळ लागतो. शिवाय दिवा लागायला तीच चूक दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत दिसावी लागते. ते अडीचशे किलोमीटर यातच जात होते. तेवढ्या दिवसांत गाडी दुरुस्त झालेली नव्हती, ईसीयू नव्यानं बेरीज करत होता.

त्यामुळे कोड वाचून थांबू नका. ट्रिमचे आकडे बघा. दोन-अडीच हजारांचा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप यासाठी पुरतं. गाडी पूर्ण गरम करा आणि दोन ठिकाणी आकडा लिहून घ्या: स्लोला आणि उभ्या गाडीत २५०० आरपीएमला.

आमच्या गाडीत दुपारी स्लोला अधिक २४ आणि २५०० ला अधिक १५ आला. या दोन आकड्यांत अर्धं निदान आहे. मास एअर फ्लो सेन्सर आणि इंजिन यांच्यामध्ये कुठून तरी चोरटी हवा आत शिरत असेल तर स्लोला ट्रिम खूप वर जातो, कारण इंजिन त्या वेळी हवा कमीच ओढतं आणि त्यात चोरीचा वाटा मोठा असतो. आरपीएम वाढवला की तीच चोरी किरकोळ ठरते आणि आकडा खाली येतो. काटाच कमी दाखवत असेल तर आकडा दोन्हीकडे जवळपास सारखा वर राहतो. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असेल तर उलटं होतं: स्लोला सगळं ठीक आणि जोर लावला की आकडा चढतो. एकाच बँकेचा कोड येत असेल तर मात्र इनटेकच्या नादी लागू नका. त्या बाजूच्या हेडरचा, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपचा, गॅसकेट बघा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. थंड इंजिन सुरू करताना टकटक आवाज येणं आणि जोडावर काजळीची रेघ दिसणं ही त्याची खूण.

आमचे दोन्ही आकडे वर, आणि त्यातही स्लोचा जास्त. म्हणजे काटाही खोटा आणि चोरीही चालू. एकाच्या जागी दोन चोर होते. खरं तर चार निघाले.

चार चोर

पहिला, नळीचा जोड. नव्या पाइपचा सिलिकॉन होज थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवर) क्लॅम्पनं आवळला होता. फेब्रुवारीत घट्ट होता. एप्रिल-मेच्या उन्हात बोनेटखाली तो होज मऊ पडला आणि क्लॅम्प सैल झाला. थंड गाडीवर हात लावून पाहिलं तर सगळं ठाकठीक. नळ्यांत धूर सोडून गळती दाखवणारं स्मोक मशीन लावलं तेव्हा गरम इंजिनवर त्या जोडातून धुराची बारीक रेघ निघाली. दिवा सकाळी न लागता दुपारीच का लागायचा ते तिथं कळलं. जोड साफ करून चांगला क्लॅम्प बसवला, तर स्लोचा आकडा उतरून १५ झाला. आता दोन्हीकडे १५.

दुसरा, तेल. त्या उघड्या फिल्टरची कापडी जाळी तेल लावून वापरायची असते. दादाकडच्या पोरानं मार्चमध्ये फिल्टर धुतला आणि संत्र्याच्या झाडाला फवारणी करावी तसं तेल मारलं. जास्तीचं तेल हवेबरोबर उडून सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि सेन्सर कमी मोजायला लागतो. नागपुरात सिमेंट रस्त्यांची कामं कधी संपत नाहीत, त्यामुळे धुळीला तोटा नाही. यावर उपाय एकच, मास एअर फ्लो सेन्सरसाठीचा खास स्प्रे. कार्ब क्लीनर नको, इअरबड नको, बोट तर अजिबात नको. स्प्रे मारा, पूर्ण वाळू द्या, मगच जोडा. आकडा ११ वर आला.

तिसरा, खुद्द तो रुंद पाइप. कंपनीचा एअर बॉक्स आणि मूळ नळी परत बसवली तेव्हा आकडा ४ ते ५ वर स्थिरावला.

आणि उरलेले ते चार-पाच? ते आहेत पेट्रोलमधल्या इथेनॉलचे, आणि हा चोर कुणी मोजतच नाही. शुद्ध पेट्रोल जाळायला पेट्रोलच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १४.१ च्या आसपास आणि २० टक्केवाल्याला १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. १० वरून २० टक्के इथेनॉलवर आलेल्या गाडीचा ट्रिम नुसता त्यामुळेच चारेक टक्के वर सरकतो. ही गाडी २०१६ मध्ये आपल्याकडे आली आणि बीएस-६ बरोबर २०२० मध्ये गेली. तिची सवय जुन्या पेट्रोलची. हा बिघाड नाही आणि एवढ्यानं दिवाही लागत नाही. पण चुकांसाठी जी जागा शिल्लक होती त्यातली थोडी इथंच गेली. इथेनॉलचे ४, नळीचे ६-७, तेलाचे ४ आणि गरम दुपारी सैल जोडाचे ९. कुठलाही एक चोर एकटा असता तर दिवा लागला नसता. म्हणूनच एक-एक भाग बदलणाऱ्याला हा बिघाड सापडत नाही.

दिव्याचं एक वेळ सोडा. खरी भीती फुल थ्रॉटलची असते. तिथं इंजिनाला धूर चाखून सुधारायला फुरसत नसते, काट्याच्या आकड्यावर भरवसा ठेवून पेट्रोल सोडलं जातं. या इंजिनाचं कॉम्प्रेशन ११ ला १ आहे. ४५ अंशांचं ऊन, टाकीत कमी ऑक्टेनचं पेट्रोल आणि वर लीन मिश्रण, म्हणजे नॉकिंगला (पेट्रोल आपोआप पेटून इंजिन ठोकण्याला) सगळं साहित्य हजर. आम्ही आता त्यात जास्त ऑक्टेनचंच भरतो.

कूलर खोलीत ठेवतं का कोणी?

आता निवडीचं. उघडा फिल्टर दिसायला भारी आणि ओढल्याचा आवाजही भारी. पण नागपूरच्या माणसानं तरी याला भुलू नये. आपण कूलर खिडकीबाहेर का लावतो? खोलीत ठेवला तर तीच ती दमट गरम हवा फिरत राहते. बोनेटखाली उघडा फिल्टर म्हणजे खोलीत ठेवलेला कूलर. पाइपवर कोल्ड एअर इनटेक असं छापलेलं असलं म्हणून हवा थंड होत नाही.

मी स्कॅनरवर इनटेक हवेचं तापमान पाहिलं. नवतपात, बाहेर ४५ असताना, उघड्या फिल्टरसह सिग्नलला उभ्या गाडीत ते ७० वर गेलं. वर्धा रोडला गाडी पळाली तरी खाली यायला बराच वेळ लागला. कंपनीच्या बंद बॉक्समध्ये, जो बाहेरून हवा घेतो, तेच तापमान पळत्या गाडीत ५० च्या आसपास राहिलं. ४५ अंशांची हवा ७० ला गेली की ७ टक्के विरळ होते, हे साधं भौतिकशास्त्र आहे. भारतात ही गाडी ४०१ पीएसची म्हणून विकली गेली. त्याचे ७ टक्के म्हणजे २८. पाइप विकणारा जेवढी ताकद वाढवून देतो म्हणतो, त्यापेक्षा जास्त ऊन खाऊन टाकतं. वर ईसीयू गरम हवा पाहून इग्निशन मागं घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, तो तोटा वेगळाच.

फुल थ्रॉटलला, साडेसहा हजार आरपीएमवर, हे इंजिन सेकंदाला अडीचशे लिटरहून जास्त हवा ओढतं. पाण्याचा मोठा ड्रम असतो ना दोनशे लिटरचा, त्याहून जास्त, दर सेकंदाला. तेव्हा बॉक्सला मोठं तोंड हवं हे खरं. पण रोजच्या चालवण्यात तिथवर कोण जातं? माझं मत स्पष्ट आहे: ट्यून करायची तयारी नसेल तर कंपनीचा बॉक्स आणि त्यात कोरडा, चांगल्या जाळीचा पॅनल फिल्टर, एवढंच करा. इनटेक हवाच असेल तर बंद बॉक्सचा घ्या, ज्याची कड बोनेटला रबरानं चिकटते, आणि सेन्सरच्या जागी नळीचा व्यास मूळइतकाच आहे ना ते व्हर्निअरनं मोजून घ्या. व्यास वेगळा असेल तर ईसीयूमधला काट्याचा तक्ता बदलावाच लागतो. "ट्यून लागत नाही" हे पाकिटावर वाचून नाही, मोजून ठरवा. फिल्टर बंपरच्या खाली नेणारे इनटेकही मिळतात. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि रस्त्यांच्या नद्या झाल्या. तसल्या पाण्यात खाली लोंबणारा फिल्टर पाणी ओढतो, आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

सेन्सर खोटं बोलतो हे पटत नसेल तर मे २०२४ आठवा. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि नंतर हवामान खात्यानं सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं. आकडा आला म्हणून लगेच खरा मानायचा नसतो.

एक्झॉस्ट

या सगळ्यात दादाच्या नव्या एक्झॉस्टचा दोष काहीच नव्हता. कॅट-बॅक सेन्सरांच्या मागे असतो, तो ट्रिमला हात लावत नाही. बोरला, मॅग्नाफ्लो, रौश यांचे या गाडीसाठीचे सेट प्रसिद्ध आहेत. त्यांतला कुठला घ्यावा हा प्रश्न निम्मा कानाचा आणि निम्मा खिशाचा. दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट पाइप मधे जोडायचे दोन प्रकार असतात. एक्स पाइप दोन्ही बाजूंचे धक्के मिसळून आवाज थोडा चढा आणि गुळगुळीत करतो, एच पाइपमध्ये जुन्या अमेरिकन व्ही८ ची ती खडबडीत गुरगुर जास्त राहते. मला एच आवडतो.

कॅट काढायचा मोह होईल, काढू नका. कॅट काम करत नाही असं सांगणारे पी०४२० आणि पी०४३० हे कोड येतील आणि ते कितीही पुसले तरी येतच राहतील, कारण मागचा सेन्सर बरोबरच सांगतोय. सेन्सरखाली स्पेसर घालून त्याला गप्प करणारे भेटतात, मी ते काम घेत नाही. पीयूसीला बीएस-४ पेट्रोल गाडीची स्लोवरची कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, कॅटशिवाय ती सांभाळणं अवघड. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत मनमानी बदल चालत नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा कैद होऊ शकते, आणि आवाज व प्रदूषणासाठी १०,००० पर्यंत वेगळे. बुलेटच्या सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मस्टँग दिसली म्हणून वाहतूक पोलीस सोडतील असं नाही, उलट आधी थांबवतील, निदान सेल्फीसाठी तरी. कॅट-बॅक घेतानाही आवाज मूळच्या जवळ ठेवणारा घ्या आणि जुना सेट भंगारात देऊ नका.

लाँग ट्यूब हेडरबद्दल एकच सांगतो. अमेरिकेसाठी बनलेले बरेच हेडर आपल्या गाडीत उजवीकडे स्टिअरिंगच्या शाफ्टला अडतात. उजव्या स्टिअरिंगसाठीच बनवलेले आहेत हे लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं, त्यामुळे चुकून काही मोडलं तर भाग मिळवायलाही वेळ लागतो.

दादाची खरी तक्रार नंतर निघाली. "समृद्धीवर ११०-१२० ला डोकं घुमते बे, जालन्यापर्यंत कान बसतेत." हा ड्रोन. टॉप गिअरमध्ये इंजिन २००० आरपीएमच्या आसपास एकसारखं फिरत राहतं. व्ही८ चे प्रत्येक फेऱ्याला चार स्फोट, म्हणजे सेकंदाला १३३. हा १३३ हर्ट्झचा सूर केबिनमध्ये घुमतो. याला काचेवर फिल्म किंवा डिकीत गाद्या घालून उपयोग नाही. एक्झॉस्टला बाजूनं एक बंद टोकाची नळी जोडायची, 'जे (J) पाइप' म्हणतात तिला. तिची लांबी त्या सुराच्या लाटेच्या पाव भाग ठेवली की परतून येणारी लाट मूळ लाटेला मारते. गरम धुरात आवाजाचा वेग सेकंदाला ४२० मीटर धरला तर लांबी येते सुमारे ७९ सेंटीमीटर.

धुराचं तापमान सगळीकडे सारखं नसतं, म्हणून हा आकडा सुरुवातीचा समजा. नळी आधी ९० सेंटीमीटरची ठेवा, टोकाला झाकण कच्चं टाका, समृद्धीवर एक फेरी मारा. लांब नळी कमी आरपीएमचा आवाज मारते. ड्रोन अजून वरच्या आरपीएमला उरला असेल तर दोन-दोन सेंटीमीटर कापत या. दादाच्या गाडीत पहिल्या फेरीला १७५० चा घुमारा गेला आणि २००० चा जसाच्या तसा राहिला. दोनदा कापून आता ८६ वर आहोत. वेल्डर म्हणतो आणखी एकदा कापू, दादा म्हणतो आधी जालन्याला जाऊन येऊ. दिवा मात्र दीड हजार किलोमीटर झाले, लागलेला नाही. तो रुंद पाइप माझ्या दुकानात भिंतीला टेकून उभा आहे. ट्यून करायची तयारी असलेल्या कुणाला हवा असेल तर दादा देईल, पण क्लॅम्प नवा घ्या.